विकतची द्राक्षं

उड्डाणपुलाखाली द्राक्षांचा पहिला टेम्पो लागला, की मला आधी हसू येतं आणि मग मी इकडेतिकडे बघते. ही बघायची सवय जुनी आहे. नाशिकमध्ये राहून टेम्पोवर द्राक्षं घेताना ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. "पुण्याचे पाहुणे येणार आहेत," हे उत्तर सगळ्यांत सुरक्षित. पुण्याच्या पाहुण्यांना कोणी बघायला येत नाही.

बाहेरगावच्या लोकांना हे समजत नाही. त्यांना वाटतं, द्राक्षांच्या गावात राहता, म्हणजे रोज पिशवी भरून घेत असाल. छे! आमच्या कॉलनीत द्राक्षं घेत नाहीत, ती येतात. मेव्हण्याकडून येतात, मामेसासऱ्यांकडून येतात, ज्याचं एकेकाळी काम करून दिलं होतं त्याच्याकडून येतात. एरवी माणसाची किंमत गाडीवरून करा, फ्लॅटवरून करा, मुलाच्या पॅकेजवरून करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र दारात क्रेट उतरला की नाही, एवढंच बघतात. उतरलेला क्रेट लगेच आत न्यायचा नसतो. तो पायरीवर थोडा वेळ असू द्यायचा, शेजारच्यांची दोनदा ये-जा होऊ द्यायची, मग "अगंबाई, हे इथेच राहिलं का" म्हणत उचलायचा. हल्ली त्याआधी फोटो काढून स्टेटसला टाकतात. खाली लिहितात, 'मातीशी नाळ.' ज्यांची नाळ आहे त्यांच्या पायाला कधी माती लागलेली मी बघितली नाही, पण ते असो.

मी स्वतः दुकानदार बाई. सिडकोत माझं मॅचिंग सेंटर आहे: फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, परकराच्या नाड्या. लोकांनी विकत घ्यावं यावर माझं घर चालतं. तेव्हा विकत घेण्याला नाक मुरडणं मला शोभत नाही, आणि तरी द्राक्षांच्या टेम्पोपुढे माझासुद्धा हात पर्समध्ये अडकतो. दुकान माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे, सासर दोन गल्ल्या पलीकडे. त्यामुळे माहेरी काहीही घडलं, की काउंटरवरून मला ते फुकटात दिसतं.

क्रेट आला की खरा प्रश्न सुरू होतो. वीस किलो द्राक्षं दोन-चार माणसांच्या घरात म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी कौतुकाने खातात, दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ खातात, तिसऱ्या दिवशी पोट बोलायला लागतं. मग पिशव्या भरायच्या आणि घरोघर वाटायच्या. पण सगळ्यांकडेच क्रेट आलेले असतात, त्यामुळे आपण देतो तेवढीच द्राक्षं आपल्याकडे येतात. एका वर्षी मी समोरच्या शिंदेकाकूंना माझ्या दुकानाच्या गुलाबी पिशवीतून द्राक्षं दिली. ती चार दिवसांनी गल्लीच्या टोकाच्या घरातून आमच्याकडे परत आली. पिशवी तीच, 'सुनीता मॅचिंग सेंटर' छापलेली, गाठसुद्धा माझीच. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्या दिरांच्या बागेतली आहेत हो, खाऊन बघा." मी खाल्ली आणि म्हणाले, "तरीच! चव वेगळीच आहे."

आईला मोबाइलवर सुखाचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. सुखी कसं व्हावं हे सांगणारा एक कोट घातलेला माणूस रोज सकाळी तिच्या हातात उगवतो. आरशात बघून हसा, म्हणतो. "एवढ्या सकाळी हसण्यासारखं झालंय काय?" आई त्याला विचारते आणि पुढचा व्हिडिओ लावते. त्या माणसाने एकदा सांगितलं, की सुख विकत मिळत नाही. त्यावर अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "याला द्राक्षांबद्दल विचार."

अप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. सगळ्या जिल्ह्याच्या पाण्याचे कागद त्यांच्या हातून गेले, पण त्यांच्या नावावर पाणी द्यायला एक वाफाही नव्हता. निफाडकडच्या आमच्या गावात आमचं घर होतं, ते गावाच्या कडेला, भीमनगरात. जमीन नाही. कॉलनीत राहायला आलो, तेव्हा डाव्या-उजव्या हाताला सगळे बागाईतदारांचे नातेवाईक. त्यांच्या फेब्रुवारीत आम्हाला जागा नव्हती. ती करून दिली रंगूकाकांनी.

रंगूकाका अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या वडिलांनी मळ्यात पहिल्यांदा द्राक्षं लावली, तेव्हा अप्पा कॉलेजच्या सुट्टीत खड्डे खणायला मजुरीवर गेले होते. मालकाचा मुलगा असून रंगूकाका शेजारी उभे राहून खणत होते. बांधाकडची पहिली ओळ दोघांनी मिळून लावली आणि रंगूकाका म्हणाले, "ही ओळ तुझी." पोरवयात माणूस काहीही बोलतो. पण आम्ही कॉलनीत घर घेतलं त्या वर्षी रंगूकाका टेम्पोतून काळ्या द्राक्षांचा क्रेट घेऊन उतरले, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यशवंता, हा तुझा वाटा!" भेट नाही, वानवळा नाही. वाटा. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. त्या दिवशी अप्पांची उंची मला वाढलेली दिसली.

तेव्हापासून दर वर्षी क्रेट यायचा. काका पायरी चढताना "जय भीम, यशवंता" म्हणायचे, अप्पा आतून "राम राम, रंगू" म्हणायचे. दोघांनी एकमेकांचा नमस्कार कधी घेतला कोण जाणे, पण अदलाबदल कायमची झाली. क्रेट रिकामा परत पाठवायचा नसतो. आई त्यात चिवडा आणि तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची. काका म्हणायचे, "वहिनी, द्राक्षं मी चटणीसाठीच लावलीत."

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी क्रेट आला नाही.

फेब्रुवारी अर्धा संपला. शिंदेकाकूंकडे आला, कोपऱ्यावरच्या सरांकडे आला, अगदी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नव्या जोडप्याकडेही आला. अप्पा सकाळी पेपर घेऊन ओट्यावर बसायचे ते दुपारपर्यंत. टेम्पोचा आवाज आला की पेपर खाली यायचा. टेम्पो पुढे गेला की पेपर वर. मी काउंटरवरून बघत होते. शेवटी मी म्हणाले, "अप्पा, एक फोन करा ना काकांना."

अप्पा माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी त्यांना गल्लीत कटोरा घेऊन उभं राहायला सांगितलंय. "फेब्रुवारीत फोन? त्याला काय वाटेल? द्राक्षं मागतोय वाटेल."

"तब्येत विचारायला करा."

"इतक्या दिवसांत तब्येत विचारली नाही आणि नेमकी आता विचारतोय म्हणेल."

हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आलेल्या क्रेटची शान आहे, मागवलेल्या क्रेटची नाही. तिकडून काकांचाही फोन नव्हता. एरवी आठवड्यातून दोनदा तरी यायचा, कांद्याच्या भावापासून सुनेच्या स्कूटी शिकण्यापर्यंत सगळं सांगून व्हायचं. दिवाळीपासून ते सगळं एकदम बंद.

दोन-तीन रात्री अप्पा कूस बदलत राहिले, असं आईने मला सांगितलं. मग एका दुपारी ते दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि रिळांच्या फळीकडे बघत म्हणाले, "सुनीता, मागच्या वर्षी माझ्या तोंडून एक शब्द गेला होता."

"कोणता?"

"त्याने फोनवर विचारलं, द्राक्षं कशी होती. मी म्हणालो, छान होती, जरा आंबट लागली."

आई आतून ऐकतच होती. ती पदराला हात पुसत दारात आली. "कोल्ह्यानेसुद्धा न मिळालेल्या द्राक्षांना आंबट म्हटलं होतं. तुम्ही मिळालेल्यांना म्हणालात! धन्य आहे."

मी हसले. अप्पा हसले नाहीत, आणि मग मलाही हसवेना. त्यांना द्राक्षांचं काही पडलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. साखर असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना तशीही मोजकीच खायला सांगितली होती. आपल्या एका शब्दाने रंगू दुखावला, आणि आता या वयात दुसरा रंगू कुठून आणायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी शिंदेकाकू आल्या. काकू मनाने वाईट नाहीत. दिंडोरीला त्यांच्या भावाची मोठी बाग आहे आणि ती त्या बोलण्यातही बरोबर घेऊन फिरतात, इतकंच. त्यांनी पिशवी पुढे केली आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "यंदा रंगूकाकांकडून काही आलं नाही वाटतं? घ्या, आमच्यातली घ्या. संकोच करू नका."

आमच्या कॉलनीत आजवर पुष्कळ पिशव्या आल्या-गेल्या, पण 'संकोच करू नका' म्हणून आलेली ती पहिली. अप्पांनी ती घेतली, थँक यू म्हणाले आणि फ्रिजमध्ये न ठेवता टेबलावर ठेवली. रात्री जेवताना ते तिच्याकडे पाठ करून बसले.

सकाळी अप्पा कानाला मफलर गुंडाळून फिरायला गेले. थंडी ओसरली होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बऱ्याच वेळाने एक रिक्षा गल्लीत शिरली. तिच्यातून अप्पा उतरले आणि त्यांच्या मागून क्रेट उतरला. काकांचा एक जुना, परत करायचा राहून गेलेला क्रेट गच्चीवर होता, आईने त्यात कोथिंबीर लावली होती. ती माती झटकून, धुऊन, अप्पा तो घेऊन पार आडगाव नाक्याकडे गेले होते, कारण तिकडे आमच्या ओळखीचं कोणी नाही. क्रेट त्यांनी पायरीवर ठेवला, दोनदा ये-जा होण्याएवढा वेळ दिला आणि मोठ्याने म्हणाले, "रंगूने पाठवली बरं का! पाठवणारच तो!"

मी दुकानातून धावत बाहेर आले, क्रेटमध्ये बघितलं आणि मला घाम फुटला. द्राक्षं हिरवी होती.

रंगूकाकांची बाग काळ्या द्राक्षांची. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी अप्पांना आत ओढून विचारलं, तर म्हणाले, "काळी नव्हती गाडीवर. म्हटलं, द्राक्षं ती द्राक्षं." आयुष्यभर पाटाचं पाणी वाटलेल्या माणसाचं हे ज्ञान! तोवर शिंदेकाकू पायरीपाशी पोहोचल्याच होत्या.

"हिरवी? काकांची काळी असतात ना?"

"यंदा बाग बदलली त्याने," अप्पा म्हणाले.

आता, नाशिकमध्ये हे वाक्य बोलायचं नसतं. इथे शाळेतल्या पोराला विचारलं तरी ते सांगेल, की जुनी बाग काढली, नवीन लावली, तर पहिला घड दिसायला दीड-दोन वर्षं जातात. कपडे बदलावे तशी बाग बदलत नाही.

"एका वर्षात?" काकूंच्या भुवया वर गेल्या. "आणि लगेच माल?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"ते..." अप्पा म्हणाले, "इस्रायलचं कलम आहे."

मी मनात अप्पांना हात जोडले. आमच्याकडे शेतीतल्या कुठल्याही गोष्टीपुढे 'इस्रायल' लावलं, की पुढचे प्रश्न बंद होतात. आंबा झाडाला उलटा लागतो म्हणा, इस्रायलचा आहे म्हणा, लोक मान डोलावतात. काकूंनीही डोलावली. पण त्या बागाईतदाराची बहीण. संध्याकाळपर्यंत ही बातमी दिंडोरीला जाऊन परत आली होती. काकूंच्या भावाला हे कलम बघायचं होतं. रविवारी गाडी काढून काकांच्या मळ्यात जाऊ, पत्ता द्या, जमलं तर पोरं रील पण करतील, म्हणाल्या.

"अजून ते... जाहीर केलेलं नाही," अप्पा म्हणाले. त्या रात्री त्यांनी जेवताना फक्त भात घेतला.

शनिवारी दुपारी शिंदेकाकू मोरपंखी ब्लाउज घालून माझ्या दुकानात अस्तर बघत होत्या. पत्ता मिळाल्याशिवाय त्या जाणार नाहीत, हे अस्तराकडे बघण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून दिसत होतं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. पांढरी टोपी, काखेत छत्री, आणि मांडीवर टॉवेलने झाकलेला क्रेट. रंगूकाका!

"जय भीम, यशवंता," काकांनी हाक मारली, पण दर वर्षीसारखी नाही. हळू.

अप्पा आतून "राम राम" म्हणत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. दोघांपैकी कोणी काही बोलणार, तोच शिंदेकाकू मधे घुसल्या.

"काका, या या! द्राक्षं काय गोड होती हो तुमची! आणि ते इस्रायलचं कलम! माझा भाऊ तर वेडाच झालाय. एका वर्षात माल घेतला म्हणे तुम्ही?"

माझ्या हातातली कात्री अस्तरात तशीच राहिली. रंगूकाकांनी काकूंकडे बघितलं. मग अप्पांकडे. अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. काका एक क्षण थांबले असतील, जास्त नाही.

"हां हां, विस्रायल!" काका म्हणाले आणि क्रेट पायरीवर ठेवून ऐसपैस बसले. "लय भारी वाण हाय ताई. पन नाजूक. मानसाळलेलं हाय ना ते, एकटं ऱ्हात नाय."

"म्हणजे?"

"सांजच्याला त्याच्यापाशी रेडू लावावा लागतो."

"काय सांगता! कोणती गाणी?"

"जुनी. नवी लावली का मनी गळत्यात." काकांनी टोपी सारखी केली. "तुमच्या भावाला म्हनावं, घाई नगा करू. माझ्यावर परयोग व्हऊ द्या. जगलो वाचलो तर मंग तुमाला कलम देतो."

अप्पांनी चष्मा लावला आणि पुन्हा काढला. काकूंनी सगळं लक्षात ठेवत मान हलवली. मग त्यांचं लक्ष टॉवेलकडे गेलं. "पुन्हा आणली का द्राक्षं?"

टॉवेल बाजूला झाला. आत ढोबळी मिरची होती. हिरवीगार, तुकतुकीत, काठोकाठ. आमच्या पायरीवर ढोबळी मिरचीचा क्रेट कधी उतरला नव्हता. त्याचं काय करायचं, स्टेटसला काय लिहायचं, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "विस्रायलचीच हाय," आणि काकूंच्या ओंजळीत चार मिरच्या ठेवल्या. त्या इतक्या खूश होऊन गेल्या, की अस्तर न्यायचं विसरल्या.

दार लोटलं. आईने पाण्याचा तांब्या ठेवला. मी दुकानातून ऐकत होते.

"रागावलास?" अप्पांनी विचारलं.

"मी?" काका म्हणाले. "मी कशाला रागवू? तू रागावला आसशील. क्रेट नाय, फोन नाय."

"अरे, मी आंबट म्हणालो होतो."

"कशाला?"

"द्राक्षांना. मागच्या वर्षी."

काकांना आठवायलाच वेळ लागला. "आरं, ती आंबटच व्हती! पावसानं घोळ केला व्हता. तू म्हनला तेवढाच, बाकी समदे गोड गोड म्हनून गेले." ते तांब्यातलं पाणी प्यायले. "यशवंता, बाग काढली मी."

गुडघे साथ देत नव्हते. छाटणीच्या वेळी शिडीवर चढवत नव्हतं. मुलाने शेडनेट उभारून ढोबळी मिरची लावायची म्हटलं, चांगली चालली होती, काही तक्रार नव्हती. "पन ज्या दिवशी वेली काढल्या ना, त्या दिवशी मी मळ्यात थांबलोच नाय. सिन्नरला भाचीकडं जाऊन बसलो. तिला वाटलं, मामा जेवायला आला." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बांधाकडची तुझी ओळ बी गेली त्यात. मंग तुला काय सांगू? फोन उचलायचो आन् ठिवायचो. मोकळ्या हातानं तुझ्या दारात यायचं कसं?"

"मग मिरची?"

"सून म्हनली, मामंजी, मिरची न्या, पन जा. रोज वसरीवर बसून माझं डोकं खाऊ नगा."

अप्पा खो खो हसायला लागले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं आहे हे लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "गाढवा, तू मोकळ्या हाताने आला असतास तर मी काय दारातून परत पाठवला असता?"

"आन् तू फोन केला आसता तर मी काय, द्राक्षं मागतो म्हनलो आसतो?"

दोघांनी क्षणभर विचार केला. "म्हनलो आसतो," काकांनी कबूल केलं.

आईने फ्रिजमधली हिरवी द्राक्षं बशीत आणून ठेवली. जन्मभर द्राक्षं पिकवलेल्या माणसापुढे विकतची द्राक्षं. काकांनी घड उचलला, उजेडात धरला, एक मणी दाबला, देठ बघितला. चेहरा असा, की जणू जावई फाटका सदरा घालून आलाय.

"कुठून घेतली?"

"आडगाव नाक्याकडून."

"आन् ह्याचे पैशे दिले? यशवंता, माझ्या नावावर ही खपवली तू? चार गावांत तोंड दाखवायला जागा ठिवली नाय." ते उठलेच. "चल. द्राक्षं घ्यायची कशी ते दाखवतो तुला."

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यामागे निघाले. असं काही बघायला मिळत असताना कोण नाड्या विकत बसेल!

उड्डाणपुलाखाली टेम्पो उभा होता आणि टेम्पोपाशी तोंडाला स्कार्फ बांधून एक बाई काळी द्राक्षं निवडत होती. स्कार्फ कितीही बांधा, मोरपंखी ब्लाउज मी ओळखते. शिंदेकाकूंनी आम्हाला बघितलं. आम्ही त्यांना. भावाचा क्रेट बहुतेक संपला असावा, किंवा यंदा आलाच नसावा, मी विचारलं नाही.

"पुण्याचे पाहुणे येणार आहेत," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडेही," अप्पा म्हणाले.

काकू गेल्यावर रंगूकाका पुढे झाले. टेम्पोवाल्या तरण्या माणसाला त्यांनी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, कधी केली ते विचारलं, पाणी कुठलं ते विचारलं, मण्यावरचा पांढरट थर बोटाने पुसून बघितला, चाखता चाखता एक अख्खा घड संपवला. तो बिचारा म्हणाला, "बाबा, घ्यायचंय का परीक्षा घ्यायचीय?"

आणि तिथे काका अडले. पुढे काय करायचं असतं, हे त्यांना येईना. आयुष्यभर त्यांनी द्राक्षं दिली होती, विकली होती, पाठवली होती. विकत कधी घेतली नव्हती. ते खिशात हात घालून, एकदम म्हातारे दिसत, नुसते उभे राहिले. मी पुढे होणार होते, पण अप्पांनी मला कोपराने मागे सारलं.

"एक किलो दे बाबा," अप्पा म्हणाले. "काळी."

आता दर फेब्रुवारीत हे असंच होतं. काका सकाळच्या एसटीने येतात, बरोबर मिरची असते, चटणीची बरणी जाताना असते. गल्लीत मिरची वाटली जाते आणि माझ्या गुलाबी पिशवीतून फिरून पुन्हा आमच्याकडे येते. दोघे मफलर न बांधता टेम्पोवर जातात. काकूंचा भाऊ अजूनही त्या कलमाची चौकशी करतो. परवा त्याने बागेत रेडिओ लावल्याचं ऐकलं. सुखाच्या व्हिडिओतला तो कोटवाला माणूस मात्र आईने बंद करून टाकला.

पण त्या पहिल्या दिवशी टेम्पोवाल्याने पिशवी दिली, पैसे काकांनीच दिले, अप्पांना देऊ दिले नाहीत. मग वाहत्या रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी माझ्याकडून दुसरी पिशवी मागून घेतली, किलोभर द्राक्षांचे हाताने दोन भाग केले आणि एक अप्पांपुढे धरला.

"यशवंता, हा तुझा वाटा."

अप्पांनी पिशवी घेतली. एक मणी काढला, रुमालाने पुसला आणि तोंडात टाकला.

"कशी हायेत?" काकांनी विचारलं.

अप्पा चावत राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"जरा आंबट आहेत," अप्पा म्हणाले.

"हायेतच," काका म्हणाले, आणि आपल्या पिशवीतला एक घड काढून त्यांनी अप्पांच्या पिशवीत टाकला.